गाव विचारलं

१२ जाने., सोम.
हेल्पलाइनवर सकाळची शिफ्ट. बहुतेक कॉल परीक्षेचे, दोन नुसते खिदळणारे. आणि एक मुलगी. वय सतरा सांगितलं, हिंदीत बोलत होती. एका मुलाकडे तिचे फोटो आहेत, रोज धमकावतो. घरी कळलं तर बाप शिक्षण सोडवून लग्न लावून देईल. म्हणाली, जगावंसं वाटत नाही. मी शिकवल्याप्रमाणे एकेक विचारत गेले. आत्ता सुरक्षित आहेस ना, जवळ कोण आहे. वीसेक मिनिटांनी रडणं थांबलं. तेवढ्यात मागून तिच्या आईचा आवाज, "कोनसंगे बोली ऱ्हायनी वं?"
आपली अहिराणी! इतका जीव सुखावला की तोंडातून निघूनच गेलं, "कोनता गावनी शेस वं माय तू?"
फोन कट.

१३ जाने.
नंबर आम्हाला दिसत नाही, उलट फोन लावता येत नाही. सुपरवायझर पन्नाबेनना सांगितलं. गाव विचारायचं नाही हा नियम त्यांनी पुन्हा वाचून दाखवला, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्या गुजराती, त्यांना कसं सांगू. आपल्यात गाव कळलं की आडनाव, आडनावावरून मामा, आणि तिसऱ्या प्रश्नाला बाप कुठल्या लूम्सवर कामाला ते. इथे सुरतेत, डिंडोलीत आम्ही सगळे असंच करतो, प्रेमाने करतो. पोरगी ज्यांच्यापासून लपत होती, त्यांच्यातलीच मी निघाले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आई म्हणायचीच.

१५ जाने.
पतंग अजून चालू. अख्खी गल्ली गच्चीवर. मी आवाज ऐकत बसले, सोळा-सतराच्या प्रत्येक पोरीचा. पाण्याच्या टाकीजवळची तीच वाटली. मग समोरच्या गच्चीवरचीही तीच वाटली.

१९ जाने.
पेपर आला की आधी आतलं शहराचं पान, मग चहा. आज काही नाही. ह्यांनी विचारलं, काय शोधतेस. सेल बघते म्हटलं.
कॉल नाही.

२५ जाने., रवि.
मंगलताईंकडे हळदीकुंकू. बायकांत विषय निघाला, मागच्या गल्लीतल्या एका मुलीला अर्ध्यातून बारावी सोडवून नंदुरबारकडे काकाकडे धाडलं. का ते कुणाला माहीत नाही. प्रत्येकीला माहीत असल्यासारखं मात्र वाटत होतं. मला वाटलं, तीच ही. वाण घेतलं न घेतलं, घरी आले.
ह्यांना सगळं सांगून टाकलं. नाव-गाव तर मलाच माहीत नाही, मग कॉलचं बाहेर बोलायचं नाही हा नियम काय मोडला? म्हटलं, उद्या त्या मुलीच्या घरी जाऊन येते, तिळगुळाचं निमित्त आहे. हे कडोदऱ्याच्या लूम्सच्या खडखडाटात राहून मोठ्यानेच बोलतात. आज हळू बोलले.
"तू शोधाले गई ना, त तिनं नाव तूच बाहेर काढशी."
गेले नाही. झोपेत पण फोन कट झाल्याचा आवाज येतो.

३ फेब्रु.
दुपारी साडेतीन. शेजारच्या खुर्चीवर हेतल, नवीन आहे, मूळची भरूचची. कॉल घेतला आणि माझ्याकडे बघायला लागली. मग म्यूट करून म्हणाली, "पूछ रही है, वो खानदेशवाली आंटी बैठी है क्या."
मी उठले. 'नाही बसली' सांगताना हेतलला खोटं बोलावं लागू नये म्हणून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. पॅसेजमध्ये उभी राहिले. काचेतून हेतल दिसत होती, बराच वेळ नुसती ऐकत होती. एकदा हसली. मला इतकं रडू आलं की मी तोंडात ओढणी कोंबली.
पाऊण तासाने हेतल बाहेर आली. फोनवर तीच मुलगी होती का, हेतललाही माहीत नाही, आवाज तर मीच ऐकलेला. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परत फोन करेन म्हणाली का, एवढंच विचारलं.
"ऐसा कुछ नहीं बोली. आंटी किस दिन नहीं आती, ये पूछा."
हेतलने गुरुवार सांगितला, माझ्या सुट्टीचा. परवा गुरुवार. घरी बसायचं.