जागा साफ हाय का?

नांदेड,
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या शिवकन्येचा तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे. हरभरा काढून झाला का? आईच्या गुडघ्यासाठी तेल घेऊन ठेवलं आहे, येताना आणीन. काळ्या गाईला कालवड झाल्याचं कळलं. मी आल्याशिवाय तिचं नाव ठेवू नका.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. आपल्या घरी फोन आला की तुम्ही स्पीकर लावता आणि ओसरीवर बसलेला प्रत्येक माणूस त्यात बोलतो. बसवंतकाका तर माझं वाक्य माझ्याआधी पुरं करतात. म्हणून कागदावर लिहिते आहे. तुम्ही ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचता, तसंच वाचा. आणि आधी एकट्यानं वाचा. ओसरीवर नको.

वर नांदेड लिहिलं आहे ते चुकून नाही. लातूरच्या लॅबमधून रजा घेऊन मी इकडं आले आहे. कशाला, ते पुढं येईलच.

आपल्या धाकटीचं, उज्जूचं, बोट आता कसं आहे? संक्रांतीला ती घरी आली तेव्हा तिच्या बोटाला नखुरडं झालं होतं. आईनं लिंबाला भोक पाडून त्यात ते बोट घालायला लावलं, आणि बोटाला टोपी घातल्यासारखं लिंबू मिरवत ती घरभर फिरत होती. आम्ही सगळे हसत होतो, तुम्ही तेवढे हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवून देताना तुम्ही तिच्या त्या बोटाकडं बघत म्हणालात, "शिवे, ही कामाला जाती ती जागा एकदा बघून ये. तू शिकलेली हायस."

म्हणून मी गेले. उज्जू कामाला होती ते लक्ष्मम्मांचं नखांचं दुकान इथं नांदेडात एका कापडाच्या दुकानावर आहे, लोखंडी जिना चढून जावं लागतं. फक्त बायकांसाठी. भिंती गुलाबी, आरसे मोठे, फरशीत तोंड दिसेल अशी. पण असलं दुकान स्वच्छ आहे की नाही ते फरशीवरून कळत नाही, अण्णा. नखाभोवतीची कातडी कापायची कात्री एका बाईची झाल्यावर दुसरीला लावण्याआधी तिचं काय करतात, ते बघावं लागतं. नखं घासायची पट्टी किती जणींना तीच वापरतात ते बघावं लागतं, कारण तिच्या खरखरीत बसलेलं धुऊन निघत नाही. वास डोळ्यांत झोंबला तर हवा खेळत नाही असं समजायचं. आणि पाय बुडवायच्या टबाची जाळी काढून बघावी लागते.

मी ती जाळी काढली. टब वरून चकचकीत होता. आतल्या नळीत बुळबुळीत थर होता, आपल्या हौदाच्या तोटीत असतो तसा. कात्री नुसती औषधाच्या निळ्या पाण्यात बुचकळून काढत होते. उज्जूला नखुरडं कशानं झालं ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

लातूरला परत येताना एसटीतूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही विचारलंत, "जागा साफ हाय का, तेवढं सांग." मी म्हणाले, "नाही अण्णा, साफ नाही. वरून चकाचक दिसतं, आतून तसं नाही. उज्जूनं तिथं काम करू नये," आणि पुढं 'हे नीट होईपर्यंत' असं म्हणणार तेवढ्यात घाटात रेंज गेली. पुन्हा लावायचं राहून गेलं.

ते माझे शब्द आता तुम्हीच पुन्हा वाचा. एकदा माझ्या डोक्यानं वाचा, टबाचं समजून. आणि एकदा बसवंतकाकांच्या डोक्यानं वाचा.

दोन-तीन दिवसांनी आईचा फोन आला. म्हणाली, "शिवे, तू सांगितलंस म्हणून बरं झालं माय. लेकरू वाचलं." मी विचारलं, कशातून वाचलं? आईनं फोन तसाच खाली ठेवला. मागं ताटल्यांचा आवाज येत राहिला. तेव्हा मला कळलं की मी नळीतल्या घाणीचं बोलले होते आणि गावानं ते माझ्या बहिणीच्या चालीबद्दल ऐकलं होतं.

मग उज्जूनं सांगितलं. तुम्ही आणि काका जीप करून आलात. काका खालूनच ओरडले, "सामान घे आन खाली ये." तुम्ही रस्त्याच्या पलीकडं रसवंतीपाशी उभे होतात. जिना चढला नाहीत. ती बॅग घेऊन खाली आली आणि देगलूरपर्यंत ती मांडीवर धरून बसली. मला तिनं एवढंच विचारलं, "अक्का, तू काय बोललीस गं घरी?"

मी तुम्हाला लगेच फोन केला होता, आठवतं ना? मी म्हणत होते की तसलं काही नाही, मी जंतूंचं बोलत होते. तुम्ही म्हणालात, "झालं ते झालं. शिकलेलं माणूस एकदाच बोलतंय." आणि मागून कुणीतरी हसून म्हणालं, बहिणीला सावरून घेऊन राहिली आता.

अण्णा, मी बी.एस्सी. झाले तेव्हा तुम्ही ओसरीवर पेढे वाटलेत आणि म्हणालात की आता घरात एक माणूस असं झालं, ज्याचा शब्द कुणाला फिरवता येणार नाही. त्या शब्दाचा केवढा अभिमान होता मला. तो माझा मलाच फिरवता येऊ नये, असं वाटलं नव्हतं.

मागच्या सोमवारी मी लक्ष्मम्मांकडं गेले. त्या धर्माबादच्या, पन्नाशीच्या, नवरा गेल्यावर त्यांनी हे दुकान काढलं. मला वाटलं, जिन्यावरूनच हाकलतील. त्यांनी आधी चहा दिला, मग म्हणाल्या, "चूक दाखवलीस ते बरं केलंस, तल्ली. पण दुकान माझं. मला दाखवायची होती ना? घरी कशाला दाखवलीस?" तल्ली म्हणजे तेलुगूत आई, पण लाडानं पोरीलाही तसंच म्हणतात. मी रडले, ते आईला सांगू नका.

मग आम्ही दोघींनी पदर खोचले. नळ्यांचा टब काढून टाकला. त्याच्या जागी साध्या स्टीलच्या पराती आणल्या, ज्यांच्या तळाशी हात पोचतो आणि घासता येतं. कात्र्यांसाठी वाफेचं यंत्र बसवलं, आपल्या कुकरसारखंच काम करतं, फक्त त्याला शिट्टी नाही. आता प्रत्येक बाईसमोर बंद पाकीट फोडून कात्री काढतात. घासायची पट्टी ज्या बाईला लावली तिलाच घरी देऊन टाकतात. मागची खिडकी वर्षानुवर्षं खिळे ठोकून बंद होती, ती उघडली आणि पंखा बसवला. संध्याकाळी दुकान आवरताना लक्ष्मम्मा विचारतात, "शुभ्रंगा उंदा, तल्ली?" म्हणजे साफ आहे ना, पोरी? त्यांच्याकडं साफला शुभ्र म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, पांढरं आहे का विचारतात, आणि मी म्हणाले, नाही, गुलाबी आहे. त्या खुर्चीत बसून हसल्या.

मी अजून मूळ गोष्टीभोवती फिरते आहे, नाही का. लिहून टाकते.

उज्जूच्या खुर्चीचं काम मागायला त्याच दिवशी दुसरी मुलगी आली होती. हुशार होती, कामाची होती. लक्ष्मम्मा म्हणाल्या, खुर्ची रिकामी ठेवून माझं कसं चालेल? त्यांचं खरं होतं. तर मी म्हणाले, ती रिकामी राहणार नाही, मी बसते.

अण्णा, सोमवारपासून तुमची पदवीधर पोरगी त्याच जागेत कामाला आहे. सकाळी शटर वर करते, संध्याकाळी खाली ओढते. कात्र्या वाफवते, बायकांचे पाय धुते. नखांना रंग लावायला गेले तर बोटभर लागतो, म्हणून लक्ष्मम्मांनी ते माझ्याकडून काढून घेतलं. म्हणतात, तुझी बहीण नखावर फूल काढती, तू नखाला परीक्षेचा पेपर समजतीस. इथं शाळेतल्या बाई येतात, दवाखान्यातल्या नर्स येतात, लग्न ठरलेल्या मुली त्यांच्या आयांना घेऊन येतात. सगळ्या विचारतात, उज्ज्वला कुठं गेली? मी सांगते, हरभरा काढायला गेली आहे, येईल. हरभऱ्याची आंब तिच्या त्या बोटाला झोंबत असेल. तिला रानात न्यायचंच असेल तर बोटाला फडकं बांधून न्या.

आता जी जागा तिच्यासाठी वाईट होती ती माझ्यासाठीही आहे. काका काय म्हणायचं ते दोघींना मिळून म्हणतील.

एक गोष्ट मी इथं पराती घासताना विचार करून करून काढली आहे. चुकत असेल तर रागवा. मला वाटतं, तुम्ही बोटाचंच विचारलं होतं. एसटीपाशी तुम्ही बोटाकडंच बघत होतात. पण मी फोनवर बोलले ते ओसरीनं वेगळं ऐकलं, आणि मग सगळ्यांच्या समोर तुम्हाला वेगळंच ऐकावं लागलं. म्हणून तुम्ही जिना चढला नाहीत. वर येऊन बघितलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं, आणि दिसल्यावर तुम्ही खोटं बोलू शकत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तर आता तुम्ही या, अण्णा. उज्जूला घेऊन या. दुपारी दुकानात कुणी नसतं, तेव्हा लेकीच्या बापाला वर यायची मुभा आहे, लक्ष्मम्मांना विचारलं आहे. तुमच्या पायाच्या अंगठ्याचं नख मासात शिरलं आहे, ते ब्लेडनं कोरणं बंद करा. उज्जूला ते नीट काढता येतं. मी कात्री वाफवून देईन, पाकीट तुमच्या हातानं फोडा. जाळी आता उरली नाही, पण पराती उलटून बघायची सवय मला लागली आहे, तुम्हीही बघा, आम्ही कुणाचं वाईट वाटून घेणार नाही.

आता हे पत्र ओसरीवर न्या. माझं ते एक वाक्य जेवढ्या जणांनी ऐकलं तेवढे जण गोळा होऊ द्या आणि मोठ्यानं वाचा. अडलं तर उज्जूला वाचायला द्या. काकांना पहिल्या ओळीपासून ऐकवा. या वेळी मी वाक्य पुरं केलं आहे.

आईला नमस्कार. कालवडीला माझी वाट बघायला सांगा.

उज्जू येईपर्यंत तिच्या खुर्चीवर बसलेली,
तुमची
शिवकन्या