नावं ठेवायची खोली

३ मार्च

मिळाली! किल्ली मिळाली! लिहितानाही डाव्या मुठीत धरून बसलेय.

वकीलसाहेबांचं ऑफिस मी इतकी वर्षं झाडते-पुसते. आज म्हणाले, "मावशी, झाडू ठेवा. उद्यापासून जिन्याशेजारच्या खोलीत खुर्चीवर बसायचं." बसून करायचं काय? "काही नाही. बसायचं." असलं काम मला जन्मात कोणी दिलं नव्हतं!

त्या खोलीवर एका बूट कंपनीची पाटी आहे. आत चिटपाखरू नसतं. आता नियम निघालाय म्हणे – नुसती पाटी चालणार नाही, आत जिवंत माणूस पाहिजे. आहे की मी, चांगली जिवंत! भाडेकरारसुद्धा माझ्याच नावावर. कंपनीला म्हणे स्वतःच्या नावावर काही नको असतं. सही आधी चुकली, खोडली, मग झोकात जमली.

४ मार्च

खुर्ची गोल फिरते! फिरले. डोकं गरगरलं. परत फिरले.

७ मार्च

आज वकिलांना धरलंच. ही कंपनी इथे करते तरी काय?

"नाव ठेवते."

मी म्हटलं, ते तर आमची वहिनीही करते, तिला कोणी खोली देत नाही!

मग नीट सांगितलं. बूट शिवतात एका देशात, विकतात दुसऱ्या देशात. पण बुटावरचं नाव राहतं इथे, या खोलीत. ते वापरायचं म्हणून तिकडची दुकानं नावाचं भाडं देतात – इतकं, की तिकडे नफा उरतच नाही. नफा सगळा इकडे. का? तर इकडे कर नावाला!

"आणि तिकडचं सरकार गप्प बसतं?"

"तेही कर उतरवतं. मग आपलं आणखी उतरवतं."

म्हणजे बाजार उठताना भाजीवाले ओरडतात तसंच! एक म्हणतो अर्ध्या भावात घ्या, शेजारचा म्हणतो पाव भावात घ्या. मी म्हटलं, अहो, अशाने शेवटी भाजी फुकट जाते. मग आमच्या गल्लीतला बंद दिवा कोण लावणार? तेवढ्यात साहेबांना फोन आला. अडचणीत आले की येतोच.

गंमत बघा. बुटाच्या नावाला अख्खी खोली. आणि मी दादाकडे स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय घालून झोपते. नाही! ही खोली आता सोडायची नाही. काय वाट्टेल ते होवो.

१२ मार्च

शिलाई मशीन आणलं! दादाने उचलून आणलं, जिन्यात नुसत्या धापा. घरी वहिनी लावूच देत नव्हती, खडखडाटाने तिचं डोकं उठतं. निघताना म्हणाली, "ऑफिसात मशीन? लोक हसतील." हसू दे. रिकामं बसवत नाही मला. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पँट घेऊन हजर – कंबर सैल करून द्या. मग रखवालदार. मग त्याच्या बायकोचे पडदे.

२० मार्च

काल दादाकडे गेलेच नाही. इथेच आडवी झाले. सकाळी कोणी उठवलं नाही. दार माझं, कडी माझी! कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटतंय, पण सांगू कोणाला? म्हणून इथे लिहिते.

२ एप्रिल

वकील पांढरेफटक. जिथे बूट विकतात तिथल्या कर खात्याची बाई तपासणीला येतेय. खोलीत खरंच काम चालतं का बघणार. नाही पटलं तर नफ्यावर कर तिकडेच भरा म्हणणार – मग कंपनी इथे कशाला राहते! "आणि मी?" म्हटलं. ते उत्तरं पाठ करून घ्यायला लागले. काम काय – नाव सांभाळतो. निर्णय कोण घेतं – इथेच घेतले जातात. मशीनवर चादर टाकायला लावली.

४ एप्रिल

आली. माझ्याच वयाची. आपल्यासारखंच बोलते, पण अडखळत. "इथे काय काम चालतं?"

आणि मी – देवा! – म्हटलं, "आम्ही नावं ठेवतो."

वकिलांना ठसकाच लागला.

"कोणाला?"

"नावं नाही हो, नाव! एकच. बुटाचं."

"दाखवा, कुठे ठेवलंय."

मी कपाट उघडलं. आत दोरे, बटणं, डॉक्टरांची पँट.

"निर्णय कोण घेतं?"

पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं! "मीच की! कोणाची बाही किती आखूड करायची, सगळं मीच ठरवते." तेवढ्यात डॉक्टर दारात – "मावशी, पँट झाली का?" बाईला हसू आवरेना. मलाही. डॉक्टरही हसले, काही न कळता. वकील सोडून सगळे!

जाताना म्हणाली, "काम खरंच चालतं इथे. फक्त कंपनीचं नाही." तसंच लिहून नेलं.

आता हसू येत नाहीये.

१८ एप्रिल

कंपनी गेली. कुठल्याशा भलत्याच देशाने करच माफ केला, नाव तिकडे राहायला गेलं. वकिलांनी पाटी काढली, मग किल्लीसाठी हात पुढे केला. मी विचारलं, "करार कोणाच्या नावावर?" हात मागे!

भाडं मीच भरणार, शिलाईतून. नाही जमलं तर? तरी तोंड काही केल्या हसायचं थांबत नाही. पाटीचा खिळा उरलाय, त्याला माझी मापाची टेप अडकवली.

९ जून

शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही. त्यात वकील आले, चक्क हसत. आपल्या सरकारनेही कर माफ केला, वर बक्षिसीही देणार म्हणे. कंपनी परत येतेय. "मावशी, नावाला जागा द्या. नुसता तो खिळा द्या. मागाल ते भाडं."

नाव ठेवून घेतलं नाही. नावं मात्र पोटभर ठेवली!