भक्ती, भात आणि दुसरी पंगत

गुरुजी, तुम्हाला देवाघरी जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मी चुलीपाशी तांदूळ निवडता निवडता तुम्हाला पत्र लिहितेय, कारण उद्या सप्त्याचा काला आहे आणि मला लई भीती वाटतेय. मी आता आपल्याच शाळेत शिकवते. सरपंचांचा निरोप आलाय, काल्याच्या कीर्तनानंतर बाईंनी भक्तीवर पाच मिनिटं बोलावं.

पाचवीचा वर्ग. तुम्ही स्वतःच्या डब्यातला भात आमच्या तळहातांवर घास घास ठेवताय, ओढ्यापलीकडच्या पोरांच्याही, आणि म्हणताय, "संस्कृतात भज् म्हणजे वाटणं. भाग त्यातूनच आला, हा भात त्यातूनच, अन् भक्तीबी त्यातूनच. वाटून खाल्लं न्हाई, तर भक्ती कसली?" मी घास लगेच गिळला, तर माझ्यावर रागावलात, आधी शेजारणीला मिळाला का बघायचं. त्याच आठवड्यात काला होता. ओढ्यापलीकडच्यांनी मंडपाबाहेर बसायचं, तेही सगळ्यांचं उरकल्यावर, ही आपल्या गावची रीत. मी भात वाढणाऱ्या काकांना भर पंगतीत विचारलं, ती माणसं आत का न्हाईत, गुरुजी तर असं असं म्हणतात. काकांचा हात थांबला. मागून गावच्या पुढाऱ्यांनी हळूच विचारलं, "कोण गुरुजी?" मी नाव सांगितलं. पंधरा दिवसांत तुमची बदली झाली, थेट धर्मापुरीकडं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निघताना तुम्ही आमच्या दारात आलात, तुमचा शब्दकोश मला दिलात आणि आईला म्हणालात, कुणी कान भरले कोण जाणे. मी कोशात तोंड खुपसून उभी राहिले.

ती पंगत अजून आहे, गुरुजी. आता तिला 'दुसरी पंगत' म्हणतात, एवढंच. त्या पुढाऱ्यांचा मुलगाच सरपंच आहे, तो उद्या समोर बसेल, आणि दहा मोबाईल माझ्यावर रोखलेले असतील. माझी नोकरी या गावात, लेक याच शाळेत. सकाळपासून दोन भाषणं लिहिली, एकात तुमचा अर्थ आणि दुसऱ्यात नुसतं देवावरचं प्रेम.

हे पत्र तुमच्या कोशातच राहील. कान मीच भरले होते, गुरुजी. उद्यासाठी तुमच्या अर्थाचा कागद पर्समध्ये ठेवलाय, पण त्याची पहिलीच ओळ आहे, 'आमचे गुरुजी म्हणायचे.' कुणी उठून विचारलंच, तर पुन्हा तुमचंच नाव सांगणार आहे. तुमची आता कुठं बदली होणार न्हाई.