बाबांच्या तंबाखूची डबी

पॅरिस, नोव्हेंबर १९५५

बाबा,

इथूनच तुमच्या कपाळाचं चुंबन घेतो. मी ठणठणीत आहे, ओतशाळेत काम आहे, खोलीत शेगडीही आहे. आईचा गुडघा कसा आहे?

टपाल फ्रेंच फौज फोडते, म्हणून हे पत्र गावाहून आलेल्या आणि आता परत निघालेल्या अक्लीच्या हाती देतोय. वाचून चुलीत घाला.

त्यानंच सांगितलं, फ्रेंचांविरुद्ध उठलेल्या आपल्या डोंगरातल्या लढवय्यांनी फ्रेंच तंबाखूवर बंदी घातली, तरी तुम्ही गावसभेच्या ओट्यावर बसून सगळ्यांसमोर डबी उघडता. वर म्हणता, "फ्रान्ससाठी खंदकात गोळ्या खाल्ल्या मी! कालची पोरं मला शिकवणार?" बाबा, हट्टाला काही सीमा? इथंसुद्धा सिगारेट ओढली म्हणून त्यांच्या माणसांनी कॅफेत आपल्यातल्या दोघांना बडवलं. तिकडे तर नाक कापतात!

आणि आपला यूनुस म्हणे मामाकडे जैतुनाची फळं उतरवायला गेलाय. मामा वारून दोन वर्षं झाली. धाकटा भाऊ कुठे गेलाय, ते मला कळत नाही होय? गावाला शाळा द्या म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं फ्रेंच साहेबाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहिलात, तेव्हा तुमचं बोट धरून तोच उभा असायचा. तुम्ही अजून अर्जच लिहिताय. त्यानं बंदूक घेतली. आणि मी इथं तुम्हा दोघांवर चडफडत लोखंड ओततोय.

उद्या लढवय्यांकडून डबी काढून घ्यायला दारात आपला यूनुसच आला, तर आधी त्याला पोटभर जेवू घाला. मग काय भांडायचं ते भांडा.

तुमचाच,
बलईद