दोन सह्यांचे रोखे

गुरुवार, १९ जून

प्रिय मास्तर,

पाकीट पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून हा जुना मार्ग धरला. तुम्ही सगळे मजेत असाल. लेकीच्या निकालाचं काय झालं? पास झाली असेल तर माझ्याकडून शाबासकी दे, नापास झाली असेल तर दोनदा दे. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. कामाचं म्हणशील तर सगळ्या दंतवैद्यांनी एकाच आठवड्यात दात उपटायला काढलेत की काय कोण जाणे. कवळ्यांच्या साच्यांनी टेबल भरून गेलंय. आत्ता दोन साच्यांतलं प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघतेय, तेवढ्यात लिहायला बसले. कागदावर पांढरे ठसे दिसले तर ते त्याचेच आहेत.

तुझा विक्रीचा अर्ज काल पोचला. तुझी सही ठसठशीत आहे. माझ्या सहीच्या जागी तू पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहेस, जशी काही मी तुझ्या वर्गातली मठ्ठ मुलगीच. बाबांनी आपल्या धाकट्या चिमण्यासाठी घेतलेले सगळे सरकारी रोखे आजच्या भावाने विकायचे आणि पैसे शेअरमध्ये घालायचे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. माझी सही झाली की संपलं.

मी अजून सही केलेली नाही. का, ते सांगायला हे पत्र. पण सरळ मुद्द्यावर येणं मला जमणार नाही, तेव्हा जरा धीर धर.

तुझं म्हणणं मला मान्य आहे, आधी तेवढं ऐकून घे. व्याजदर वाढले आणि रोख्यांचा भाव कोसळला. आज विकायला गेलं तर बाबांनी दिलेल्या पैशाला चांगलीच कात्री लागते. आज नवा रोखा घेणाऱ्याला जास्त व्याज मिळतं, आपण मात्र जुन्या दराला चिकटून बसलोय. महागाई दरवर्षी त्या व्याजाचा एक एक घास खाते, हेही खरंच. तू आकडेमोड करून दाखवलीस ती मला कळली. कवळ्या करते म्हणून काही मी अगदीच बिनडोक नाही.

पण मास्तर, तू मधल्या सुट्टीत मोबाइल काढून भाव बघतोस. आपण विकणारच नसू तर तो भाव आपल्याला हवाय कशाला? ठरलेलं व्याज दर सहा महिन्यांनी येतं. भाव वर होता तेव्हा जेवढं यायचं तेवढंच आजही येतं, एक पैसा इकडे नाही की तिकडे. आणि मुदत संपली की रोख्यावर लिहिलेली दर्शनी किंमत पूर्ण हातात पडते. महागाईला तोंड द्यायला बाबांनी शेअर ठेवलेच आहेत. शेअर आपटले तर हातात काहीतरी राहावं म्हणून बँकेतली ठेव आणि हे रोखे. तीन ठिकाणी ठेवलेल्या पैशातलं एखादं ठिकाण नेहमीच रुसलेलं असणार. तिन्ही एकदम खूश असतील तर समजावं की आपण तिघांना एकाच ठिकाणी बसवलंय.

तुला आठवतं ना, बाबा हे रोखे घ्यायला गेले तेव्हा एकोणऐंशीचे होते. बँकेतल्या पोराने त्यांच्या जन्मतारखेकडे पाहिलं, मग रोख्याची तीस वर्षांची मुदत पाहिली आणि हसू दाबत म्हणाला, "आजोबा, मुदत संपेपर्यंत कोण असणार?" बाबांनी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम केलेलं, बोलायचे ते मशीनच्या वरताण आवाजात. सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा धाकटा असेल." मी शेजारीच उभी होते. मला तेव्हा लाजल्यासारखं झालं होतं. मुदत संपेल तेव्हा आपला चिमण्या सदुसष्टचा असेल. मी असलेच तर त्र्याऐंशीची. तुझं वय तूच काढ, गणित तुझा विषय आहे.

आणि बाबांनी घातलेली दोन सह्यांची अट, चिमण्याच्या पैशाचं काहीही करायचं तर तुझी नि माझी दोघांची सही हवी. तुला ती नेहमीच जाचक वाटत आली. बाबा म्हणायचे, तुम्ही दोघं एकाच दिवशी घाबरत नाही, हा देवाने माझ्यावर केलेला उपकार आहे. शेअर निम्म्यावर आले त्या वर्षी घाबरायची पाळी तुझी होती. सगळे शेअर फुंकून टाकूया म्हणून तू रोज फोन करायचास आणि मी सही केली नाही. त्या वर्षी हेच मठ्ठ रोखे वधारले होते. दर जूनमध्ये करतो तसे आपण वाढलेले थोडे विकले, पडलेले शेअर घेतले आणि वाटण्या पुन्हा सारख्या केल्या. त्यानंतर तू तीन महिने माझ्याशी बोलला नाहीस. आभार मानायचे अजून राहिलेच आहेत तुझे.

आता तू म्हणशील, ताई, एवढं सगळं तुला कळत होतं तर या जूनच्या बैठकीत तोंडात मूग गिळून का बसली होतीस? ठरल्याप्रमाणे या वर्षी पडलेले रोखे आणखी थोडे घ्यायचे होते. तू उलट सगळे विकायचं काढलंस आणि मी चहा गाळत राहिले. वर सोमवारी मीच तुला फोन करून सांगितलं की पाठव अर्ज, करते सही. तू दोनदा विचारलंस, नक्की ना म्हणून. तुला आनंद व्हायला हवा होता, पण मला वाटतं तू जरा घाबरलास.

खरं सांगते. तू विकूया म्हणालास तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मलाच माझी भीती वाटली.

चिमण्याच्या लाँड्रीतला तो दाढीवाला मित्र तुला माहीत आहे, दोघं मिळून रुग्णालयाच्या चादरींच्या घड्या घालतात तो. तो ज्या घरात राहतो तिथे मी तुला एकदा नेलं होतं. चिमण्यासारख्याच, थोडी सोबत लागणाऱ्या सहा जणांचं घर, प्रत्येकाची वेगळी खोली, स्वयंपाकघराची पाळी फळ्यावर लिहिलेली, आणि एक बाई सगळ्यांवर लक्ष ठेवायला. आपण दोघांनी मिळूनच चिमण्याचं नाव तिथे नोंदवलं आणि मग विसरून गेलो. म्हणजे तू विसरलास. एप्रिलमध्ये त्या बाईंचा फोन आला की एक खोली रिकामी होतेय. अट एकच, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे आणि पुढेही वेळच्या वेळी येत राहतील अशी खात्री द्यायची. माझ्या डोळ्यांपुढे लगेच रोख्यांचं व्याज आलं. सहा महिन्यांनी येणारं, ठरलेलं, आपण दोघं असू नसू तरी येणारं. बाबांनी त्या घराचं नावही ऐकलं नव्हतं आणि तरी पैसे जसेच्या तसे बसत होते.

मी बाईंना म्हटलं, भावाशी बोलून कळवते. तुझ्याशी बोललेच नाही. चिमण्यालाही काही सांगितलं नाही. मेमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा भाऊ परीक्षेच्या गडबडीत आहे अशी थाप मारली. मनात म्हणत होते, तिथे त्याचं दुखलंखुपलं कोण बघेल, त्याला अंड्याचं पिवळं आवडत नाही हे कोणाला माहीत असेल. सगळी कारणं त्याच्या भल्याची होती. त्यात माझ्याबद्दल एकही नव्हतं, तिथेच मला संशय यायला हवा होता.

चिमण्याला सगळं ठाऊक होतं रे. मित्राने त्याला एप्रिलमध्येच सांगितलं होतं. मी कधी बोलते याची तो वाट बघत राहिला. परवा संध्याकाळी जेवताना त्याने स्वतःच विषय काढला.

"ताई, ती खोली माझी आहे ना?"

मी म्हटलं, खोलीला पैसे लागतात.

"बाबांनी ठेवलेत की."

आणि मी, बासष्ट वर्षांची बाई, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ते दादा विकून टाकतोय."

तुझ्या नावावर बिल फाडलं मी. त्याने जेवण थांबवलं. मला वाटलं आता रुसेल, ताट सरकवेल, लहानपणी करायचा तसं काहीतरी करेल. त्याने फक्त बरं म्हटलं. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाला, "तू रडू नकोस. मी राहतो इथेच." मी रडत नव्हते, मास्तर. रडते आहे असं त्याला कशावरून वाटलं, मला माहीत नाही. मग सहा फुटी धिप्पाड चिमण्या उठला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून भांडी घासायला गेला.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलेय की मी त्याला सांभाळते. लोकही कौतुक करतात, ते मला आवडतं. त्या दिवशी कळलं की तो मला सांभाळायला तयार होता, आणि त्यासाठी स्वतःची खोली सोडून देत होता. मला माझी भयंकर लाज वाटली. अजून वाटतेय.

काल सकाळी कामावर जाण्याआधी त्याला खरं सांगितलं. दादाने अजून काही विकलेलं नाही, खोलीचं मीच दाबून ठेवलं, तू गेलास तर घर खायला उठेल म्हणून. त्याने सगळं ऐकून घेतलं, बूट घातले. मग विचारलं की तू एकटी जेवशील ना. जेवीन म्हटलं. म्हणाला, "मी रविवारी येईन. पाहुणा म्हणून. बेल वाजवून." स्वतःच्या घराची बेल त्याने कधी वाजवलेली नाही, त्याचंच त्याला केवढं अप्रूप. लाँड्रीत पोचेपर्यंत त्याने ही बातमी बसच्या ड्रायव्हरलासुद्धा सांगितली असणार.

तू अर्ज पाठवलास यात तुझी काही चूक नाही. तुला खोलीबद्दल माहीतच नव्हतं आणि मी कळू दिलं नाही. तुझ्या हिशेबात तो पैसा वाढवायचा होता. माझ्या हिशेबात तो नाहीसा व्हायला हवा होता, म्हणजे चिमण्या माझ्यापाशीच राहिला असता आणि दोष तुझ्या माथी गेला असता. इतकं सोपं होतं ते.

तर आता माझं म्हणणं असं. रोख्यांना हात लावायचा नाही. व्याज सरळ त्या घराच्या खात्यात जाऊ दे. फी वाढेल ती शेअरमधून भरू, त्यासाठीच ते आहेत. तुला शेअर आणखी घ्यायचेच असतील तर बँकेतल्या ठेवीतले थोडे घे, त्यावर मी मुकाट्याने सही करीन. आणि कृपा करून शाळेत भाव बघणं बंद कर, मुलं तुझी नक्कल करत असतील.

तुझा अर्ज मी फाडलाय. त्याऐवजी पाकिटात खोलीचा करारनामा आहे. त्यावरही दोन सह्या लागतात. माझी मी आज केली. चांगली आलेली नाही, प्लास्टरच्या हाताने केल्यासारखी वाटेल, पण हात कोरडे होते. तुझ्या जागी मी फुली मारलेली नाही, कुठे सही करायची ते तुला कळतं. बाईंनी सोमवारपर्यंतच खोली राखून ठेवलीय, तेव्हा पत्र मिळालं की लगेच कर आणि परस्पर त्यांनाच पाठव. माझ्याकडे परत पाठवू नकोस.

आणखी एक. मधल्या दोन-तीन दिवसांत माझा फोन येईल. मी स्वतःला ओळखते. मी म्हणेन, घाई नको, पावसाळा संपू दे, त्याला सर्दी झालीय, रोख्यांचं तुझंच बरोबर होतं. फार पटण्यासारखं बोलेन. ऐकू नकोस. त्या वर्षी तू रोज फोन करायचास आणि मी ऐकलं नाही. या वेळी घाबरायची पाळी माझी आहे, आणि बाबांनी दुसरी सही तुझ्याकडे ठेवलीय. भांडण झालं तरी चालेल. तीन महिने बोलले नाही तरी चालेल, मग मी आभार मानीन, तुझ्यासारखे बाकी ठेवणार नाही.

प्लास्टर घट्ट झालंय. उठायला हवं. लेकीला आणि तिच्या आईला माझी आठवण सांग.

तुझी, आणि एक तारखेपासून घरात एकटी,
ताई