वानवळ्याचं ऑनलाइन दुकान

४ मार्च
...पाणी भरून झालं होतं, अंगण झाडलं होतं, मी चुलीपुढं बसले होते. शेंगदाणे बांधून आलेला कागद जाळात घालायचा होता. हे म्हणाले, आधी वाच, मग जाळ. अशीच मी वाचायला शिकले. ती सकाळ आज का आठवली, ठाऊक नाही. हे जाऊन तीन वर्षं झाली.
आज पंचायतीत आमच्या बचत गटाला कॉम्प्युटरचं टेबल मिळालं. गावात फायबर आलंय, नेट पळतंय. दोन महिन्यांत कांदा-लसूण मसाल्याची दहा पार्सलं ऑनलाइन विकायची, नाहीतर टेबल दुसऱ्या गटाला. दहा म्हणजे काहीच नाही. मी मनात पन्नास धरलीत.

१० मार्च
पंचायतीतला कॉम्प्युटर संघप्रिया बघते. तिनं जाहिरात केली. नंबर ह्यांचाच दिला. मी तो रिचार्ज करून चालू ठेवलाय. वर फोटोही ह्यांचाच. ती म्हणाली, मावशी, फोटो मसाल्याचा टाका की. म्हटलं, राहू दे, माणूस बघून विश्वास बसतो. धंद्यातलं मला कळतं.

१४ मार्च, दुपार
पहिलं गिऱ्हाईक. पुण्याचा अतुल. म्हणाला, फोटोतले आमचे आकाराम मामा न्हवं? ह्यांनी त्याला सायकल शिकवलेली. अर्धा तास ह्यांच्याबद्दलच बोलला. त्याच्याकडून पैसे कसले घ्यायचे? घरचं काही निघालं की आपल्या माणसांना वानवळा द्यायचाच असतो. एक किलो पाठवला. पार्सल मात्र गेलं. एक झालं.

२ एप्रिल
सात गेली. सगळी ह्यांच्या ओळखीतली. गटातली तानूबाई म्हणाली, अक्का, मिरच्या आम्ही बी घातल्यात. वानवळा वाटायचा तर तुझ्या घरचा वाट की. फटकळ बाई. तरी उद्यापासून कुणाची ओळख काढायची नाही. ठरलं.

३ एप्रिल
ओळख मी काढली नाही. गिऱ्हाइकांनीच काढली.

१९ एप्रिल
नागपूरहून एका बाईचा फोन. पाच किलो पाहिजे, पैसे आत्ता पाठवते म्हणाली. माहेर विचारलं, सासर विचारलं, कुठंच धागा लागेना. आमच्या ह्यांना ओळखता का, तर नाही. हल्ली फसवाफसवी फार. दिला नाही. संघप्रियानं कपाळाला हात लावला. लहान आहे अजून.

५ मे
तपासणीच्या मॅडम आल्या. मी आपणहून सांगितलं, दहा नव्हे, चौदा पार्सलं गेली. त्यांनी विचारलं, विकली किती? संघप्रियाच बोलली, एकबी न्हाय मॅडम. तानूबाईनं दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. टेबल उद्यापासून पापडवाल्या गटाला.
चौदा जणांनी ह्यांची आठवण काढली, ते कुठल्या रकान्यात लिहायचं, असं विचारणार होते. विचारलं नाही.

६ मे
दहाला पंचायतीत गेले. पापडवाल्या बायकांना कॉम्प्युटर कसा चालू करायचा ते दाखवलं, पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि घरी आले.