बटण मी दाबलं

६ ऑक्टो., सोम.
आप्पांना घेऊन शिरूरला, फिजिओथेरपीला. झटक्यानं डावी बाजू गेल्याला दोन महिने झाले. ट्रेडमिलवर दसऱ्याचं हळदकुंकू अजून तसंच. आप्पा बूट काढायला लागले. थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "बूट घालूनच चालायचं, आप्पा." "पुजल्याल्या मशीनवर तसाच पाय दिऊ?" शेवटी नमस्कार करून चढले. छातीला पट्टे बांधून वरून आधार. स्पीड ०.८, मि. ४. मेंढरांमागं कोकणापर्यंत पायी जाणारा माणूस चार मिनिटांत घामाघूम. बाकीचे बघत होते. मला लाज वाटली, स्वतःच्या बापाची. दुसरीकडं कुठं बोलता येणार नाही म्हणून इथं लिहितोय.

९ ऑक्टो., गुरु.
घडू नये ते घडलं. मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या. मी अधिकचं बटण दाबलं, सरळ १.४ वर नेलं. कंपनीत इंजिनिअर जेवायला गेला की लाइनचा स्पीड असाच वाढवतो मी. टार्गेट निघतं. तीच खोड.
डावा पाय मागं ओढला गेला, आप्पा पट्ट्यांत लोंबकळले. गुडघा सोलला. मॅडम पळत आल्या. "कोणी वाढवला स्पीड?" आप्पा म्हणाले, "म्याच दाबलं. वाटलं, जमतंय."
लहान पोराला रागवावं तशा रागावल्या त्यांना. मी शेजारी उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० ऑक्टो.
सेकंड शिफ्ट. लाइन स्लोच ठेवली. साहेब बोलले. बोलू देत.

१३ ऑक्टो., सोम.
आप्पांचं मशीन बंद. मॅडम म्हणतात, झटक्यानंतर कधीकधी धोका कळेनासा होतो, आधी डोक्याच्या चाचण्या. आज वार कोणता, महिना कोणता. आप्पा मान खाली घालून उत्तरं देत होते. पहिले तीन महिने लाखमोलाचे, हे याच मॅडमनी सांगितलेलं. त्यातले दिवस माझ्यापायी वाया चाललेत.
एस.टी.त म्हणालो, सांगून टाकतो. आप्पा म्हणाले, "गप बस. तुला आत येऊ द्यायची न्हाईत. मग मी कुणाला धरून चढू?"
बायकोलाही सांगितलं नाही अजून. भ्याड आहे मी, दुसरं काय.

१६ ऑक्टो., गुरु.
सांगितलं. सगळ्यांदेखत. "मॅडम, त्या दिवशी बटण मी दाबलं होतं."
आप्पा लगेच, "त्याचं नका ऐकू. बापाला वाचवतंय ते." आणि हसले, तोंडाच्या एका बाजूनं.
मॅडमचे डोळे भरले. "अशी मुलं राहिली नाहीत हो आता."
"नाही मॅडम, खरंच मी..."
माझ्या पाठीवर थोपटलं त्यांनी. फायलीत दिवाळीनंतरची तारीख लिहिली, पुन्हा चाचण्या, तोवर मशीन बंदच. पुढच्या पेशंटकडं गेल्या.
बाकावरचे सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. आप्पांनी उठायला हात पुढं केला. मी धरला.